हॅनिमनच्या आईनं केलं ते

चुडावा, ९ सप्टेंबर

प्रियांकाच्या बाबास,

नमस्कार लिहीत न्हाई. भांडण मिटल्यावर लिहीन, तवर तो माझ्याकडं जमा ऱ्हाऊ द्या.

तुमी फोन उचलत न्हाईत म्हणून कागदावर लिहायलेय. फोन कट करायला एक बोट पुरतं. कागद फाडायचा म्हटलं तरी हातात घ्यावा लागतो, आन हातात घेतला की नजर पडतीच. तुमी कामाला हाव त्या दवाखान्याच्या पत्त्यावर, वॉर्डाचं नाव घालून टाकायलेय. तुमच्या वॉर्डातल्या मावशी आणून देतील आन त्यांच्यासमोर तुमी फाडणार न्हाईत. एवढी वर्षं संसार केला, तेवढं मी तुमाला वळखते.

मुद्द्याचं आधी. प्रियांकाचा बीएचएमएसला नंबर लागलाय, परभणीला. तीस तारखेच्या आत वरिजनल कागदं घेऊन हजर व्हायचंय, न्हाईतर जागा दुसऱ्याची. आन कागदं तुमच्यापाशी पुण्यात. टीसी, दहावी-बारावीचे मार्कमेमो, डोमिसाईल, सगळी पिशवी जूनमधी तुमी उचलून नेली, पोरीच्या डोक्यात दुसरं खूळ येऊ नये म्हणून. खूळ आलंय. फोनमधल्या फोटोंवर तिनं फॉर्म भरला. आता पिशवी पाठवा.

फोनवर तुमी म्हणालात, होमिओपॅथीच्या साबुदाण्यावाणी गोळ्या वाटायला का मी पोरीला शिकवलं. म्हणालात, सगळ्या दवाखान्याला सांगून ठेवलंय माझी पोरगी एमबीबीएस होणार, आता कोणत्या तोंडानं सांगू. ज्या तोंडानं मला बोललात त्याच तोंडानं सांगा, लय काही तकलीफ होणार न्हाई. मला तर तुमी बाईमाणसानं बोलू नये असंबी म्हणालात.

दोन वक्ताला नीटची परीक्षा दिली तिनं. दोनी वक्ताला थोडक्यात गेलं. तुमी तिसऱ्यांदा लातूरच्या क्लासला नेऊन घातली. हॉस्टेलात ती काय खाते, किती झोपते, तुमी इचारलं का कधी? तुमी फक्त टेस्टचे मार्क इचारायचात. पोरीच्या केसांचा गुंता फणीत येतो मूठभर. झोपेत बडबडती, आन काय बडबडती, तर ऑप्शन बी, ऑप्शन सी. एकोणीस वर्षांच्या पोरीनं झोपेत दुसरं काहीतरी बडबडायला पाहिजे.

आन तुमची ती शपथ. जूनमधी निकाल लागला त्या दिवशी उंबऱ्यावर हात ठेवून तुमी बोललात, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "एमबीबीएसला नंबर लागल्याबिगर ही पोरगी ह्या उंबऱ्यातून आत आली, तर मी आत येणार न्हाई." रोज सकाळी मी त्या उंबऱ्याला हळद-कुंकू लावते. त्याच्यावर हात ठेवून असलं बोलायचं असतं का?

पोरगी कुठं हाय म्हणून काळजी करू नका. पेडगावला माझ्या बहिणीकडं, सत्यशीलाकडं हाय. खुशाल हाय. तुमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागलेला न्हाई.

पिशवी पाठवा.

सविता


चुडावा, १४ सप्टेंबर

प्रियांकाच्या बाबास,

पिशवी आली न्हाई. पिशवीच्या जागी तुमी नागनाथभावजींना पेडगावला धाडलंत, पोरीला धरून लातूरला पोचवायला. सख्ख्या भावाला पोलीस केलंत. भावजी बिचारे सोयाबीन काढायचं टाकून गेले, सत्यशीलानं त्यांना जेवू घातलं आन सांगितलं की प्रियांका हितं आलीच न्हाई. माझी बहीण मला इचारल्याबिगर खरं बोलली, त्याचा हिशोब मी तिच्याशी करीन.

तिथून ते सरळ आपल्या घरी आले. तोंड उतरलेलं. म्हणाले, "वहिनी, पोरगी पेडगावला न्हाई हो, आता दादाला काय सांगू?" मी म्हटलं, चहा घ्या आधी. आन आत हाक मारली. प्रियांकानंच चहा आणला आन काकाच्या पाया पडली. भावजींनी कपबशी हातात धरली, पर प्यायचं सुचंना. मग हसायलाच लागले. ते तुमच्यासारखे न्हाईत, चहा पिऊन गेले.

तर आता सांगते. पोरगी घरात हाय. आजकालची न्हाई, महालक्ष्म्या आल्या त्या दिवसापसून हाय.

संध्याकाळची गोष्ट. मी तुळशीपाशी मुखवटा कवटाळून उभी. अंगणापसून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढलेली. शेजारच्या सरजाबाई आत उभ्या ऱ्हाऊन ताट वाजवायल्या. त्यांनी इचारलं, कोण आलं? मी म्हटलं, महालक्ष्मी आली. त्यांनी इचारलं, कशाच्या पावलानं? आन तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "आई." पाठीवर बॅग, पायात चिखल, लातूरहून गाड्या बदलत आलेली. हॉस्टेलात सणाची सुट्टी सांगून निघाली होती, परत न जायचं ठरवूनच. सरजाबाईंचं ताट थांबलं. मी म्हटलं, सरजाबाई, वाजवत ऱ्हावा, मुखवटा उंबऱ्यावर अडकलाय. त्यांनी वाजवलं. मी दोघींना आत घेतलं, एकीला पुढून, एकीला मागून.

आता तुमी शपथ काढाल. तुमी उंबरा म्हणाला होतात. मागच्या दाराला उंबरा कुठंय? मोटारसायकल आत घ्यायला तुमीच तो काढून टाकलाय. तुमच्या शपथेला मी धक्का लावलेला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी आलात. सणाच्या दिवशी घरात रडारड नको म्हणून मी तिला आराशीच्या मागं बसवली. लग्नातला शालू आन हिरवं इरकल, दोनी लुगडी आडवी लावली. मागं ज्वारीची पोती, मधी वाकळ अंथरली, भितीला उशी लावून दिली. पुढं महालक्ष्म्या, मागं पोरगी, आन मधी तुमी आरती म्हणायलात.

तुमी इचारलंत, पडद्यामागं ताट कशाला? मी म्हटलं, पुढचं पाहुण्यांच्या नजरेचं, मागचं खरं निवदाचं, माझ्या आईची तशी रीत हाय. माझ्या आईची असली काही रीत न्हाई. तुमी हात जोडलेत.

मग संध्याकाळी तुमी स्वतः ते ताट उचललंत. वरण-भात संपलेला, भाज्या संपलेल्या, आंबिलीची वाटी पुसून घेतलेली, आन कडंला अर्धी पुरणपोळी, दाताची खूण असलेली. मी सैपाकघरातून बघायले. तुमी ती अर्धी पोळी डोळ्याला लावली आन खाल्ली. डोळ्यात पाणी होतं तुमच्या. मग सरजाबाईंना सांगितलंत, भावजींना सांगितलंत, पुण्याला वॉर्डातल्या मावशींना फोन लावून सांगितलंत की आमच्या घरी देवी जेवली. सरजाबाई तोंडात पदर कोंबून भाईर पळाल्या ते कशामुळं, हे आता तुमाला समजलं असंल.

देवी जेवली न्हाई. तुमची लेक जेवली. लेकीचं उष्टं तुमी प्रसाद म्हणून डोळ्याला लावलं, आन त्याच लेकीला घरात यायची मनाई केलीय. ह्याचं काय करायचं ते तुमी बघा.

देवीसमोर लबाडी केली म्हणाल. केली. देवीची माफी मी मागितली न्हाई, मागणारबी न्हाई. तीबी तीन दिवसांसाठी माहेरलाच आलेली असती. तिला समजलं असंल.

तीस तारीख ध्यानात ठेवा.

सविता


चुडावा, १९ सप्टेंबर

प्रियांकाच्या बाबास,

भावजी म्हणाले, दुसरा कागद वाचून तुमी त्यांना फोन लावलात. आन एवढंच इचारलंत की पोरगी ज्याच्या नादाला लागली तो बाबा कोण, कुठला. चला, इचारलंत तरी.

तो बाबा न्हाई. जर्मनीतला डॉक्टर होता, हॅनिमन नावाचा. त्याला जाऊन पावणेदोनशेच्या वर वर्षं झाली. मला त्याच्या औषधाचं काही सांगता येणार न्हाई, पर त्याच्या लहानपणाचं सांगते. आराशीच्या मागं बसून प्रियांका हळू आवाजात सांगायची, आन मी पुढं समईत तेल घालायचं निमित्त करून ऐकायची. तुमी वसरीवर भावजींसोबत सुपारी कातरायलात तवा हे चाललेलं होतं.

मायसेन म्हणून गाव. तिथं चिनी मातीची भांडी करायचा मोठा कारखाना, आन ह्याचा बाप तिथं भांड्यांवर फुलं रंगवायला. शिकलेला न्हाई फार, पर डोक्यानं लय तेज माणूस. कामावर जाताना पोराला एक प्रश्न द्यायचा म्हणं, आन खोलीत बसवून जायचा. परत आला की उत्तर पाहिजे. पुस्तकात असं हाय, गुरुजी असं म्हणतात, हे चालायचं न्हाई. स्वतः इचार करून सांगायचं.

हे ऐकलं आन माझ्या हातातली तेलाची झारी थांबली. कारण मला तुमी दिसलात. पोरगी दुसरीत होती. तुमी सुट्टीवर आलात की तिला सकाळी माळवदावर बसवून प्रश्न घालायचात. भाकर का फुगती? इस्तवाचा धूर वरच का जातो? त्या भाकरीपायी तिनं माझ्या चार भाकरी चुलीत घातल्या आन तुमी मला रागं भरू दिलं न्हाई. दिवस मावळताना ती म्हणाली, आतलं पाणी भाईर निघायला जागा शोधायलंय. तुमी तिला खांद्यावर घेऊन चुडाव्याच्या ठेसनापर्यंत नाचत गेलात. तिकिटं देणाऱ्या साहेबाला सांगितलंत, माझ्या पोरीनं भाकरीचं कोडं सोडवलं. तो माणूस कुठं गेला, ते मी तुमाला इचारायलेय.

तर ह्या रंगाऱ्यानं पोराला इचार करायला शिकवलं, आन पोरगं इचार करायला लागलं की बापाचंच पोट दुखायला लागलं. शाळेतून काढायचं, परत घालायचं, परत काढायचं. पुस्तकं वाचून घर चालत न्हाई म्हणायचं. वाचायला दिवा मिळंना, तर पोरानं मातीचा दिवा केला आपल्या हातानं, बापाला घरातला दिवा कमी झालेला दिसू नये म्हणून. गुरुजी चांगले मिळाले. त्यांनी बापाला समजावलं, फी मागितली न्हाई, आन बारा वर्षांच्या पोराकडं बाकीच्यांना ग्रीक भाषा शिकवायचं काम दिलं. तरीबी बाप ऐकंना. शेवटी लायप्झिग म्हणून शहर हाय, तिथं किराणा दुकानात नेऊन घातलं. तोलायला शीक, पुड्या बांधायला शीक.

पोरगं पळून आलं. घरी यायची हिंमत झाली, पर बापासमोर जायची झाली न्हाई. मग आईनं त्याला घरातच दडवून ठेवलं. बाप घरात, पोरगं घरात, आन बापाला पत्ता न्हाई. बाप निवळंपर्यंत तिनं त्याला खाऊ-पिऊ घातलं. मग एक दिवस समोर आणलं.

मी प्रियांकाला इचारलं, त्या आईचं पुढं काय झालं? ती म्हणाली, आई, तिच्याबद्दल फारसं कुठं लिहिलेलं न्हाई, योहाना नाव होतं एवढं दिसतंय. पोरगं दडवण्यापुरती ती गोष्टीत येती आन जाती. मला लय राग आला. बापाचे प्रश्न लिहिलेत, गुरुजींचं नाव लिहिलंय, आन जिनं बापाच्या नाकासमोर पोरगं संभाळलं तिला काय वाटलं, ते कुणीच इचारलं न्हाई. ती भ्याली असंल. भाकरी जास्तीच्या का लागायल्यात म्हणून नवरा इचारील, ह्याची भीती असती. मला होती.

म्हणून मी माझं स्वतः लिहायलेय. माझी पोरगी उद्या कोणीबी होऊ दे, तिच्या आईनं तिला का दडवलं हे तिच्या आईच्याच अक्षरात ऱ्हाईल.

आता गोळ्यांचं. त्या गोळ्यांनी बरं होतंय का न्हाई, मला ठावं न्हाई. तुमचे मोठे डॉक्टर त्यात काही न्हाई म्हणतात, सरजाबाई सगळं हाय म्हणतात. मी दोघांचंबी धरत न्हाई. मी प्रियांकाला सरळ इचारलं, तुला तरी खरं वाटतं का? ती म्हणाली, "आई, त्या माणसानं झाडाच्या सालीचा काढा आधी स्वतः पिऊन बघितला, मग बोलला. मला तेवढंच आवडलं. मी तपासायला चाललेय, आरती करायला न्हाई. काही न्हाई असं दिसलं, तर तसंबी मीच सांगीन." हे तुमचंच शिकवणं हाय. पोरगी इचार करून उत्तर घेऊन आलीय. तुमाला पाहिजे ते उत्तर न्हाई, म्हणून तुमी तिला दाराभाईर ठेवायलात.

त्या रंगाऱ्यानं शेवटी काय केलं, सांगू? त्यानं स्वतःच पोराला शिकायला जा म्हटलं. एवढा हट्टी माणूस, तोबी निवळला. तुमी जर्मनीच्या माणसापेक्षा कडक हाव का?

सविता


पुणे, २४ सप्टेंबर

प्रियांकाच्या बाबास,

वरचं गाव वाचलंत ना. हो, पुण्यातून लिहायलेय. तुमच्या दवाखान्याच्या गेटासमोर चहाचा गाडा हाय, त्याच्या बाकड्यावर बसून. नांदेडहून गाडी धरली आन एकटी आले. कुणाला इचारलं न्हाई.

मी येऊन तुमच्या हातातून पिशवी घेणार होते. घेतल्याबिगर हलायचं न्हाई, वॉर्डाच्या दारात बसकण मारायची, असं ठरवून आले होते. तुमचा मजला इचारत इचारत वर आले. मावशींना सांगितलं, मी गावाकडची, मामांना भेटायचंय. सगळे तुमाला मामाच म्हणतात, हे मला ठावं होतं. तुमी सांगितलं होतं. त्यात मायेचंच वाटायचं मला.

मग तुमी दिसलात. एका म्हाताऱ्याची ढकलगाडी घेऊन लिफ्टपाशी उभे होतात. त्याची चादर नीट करायलात. आन आतून एक डॉक्टर आला, डॉक्टर कसला, पोरगं, आपल्या प्रियांकापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठं असंल. त्यानं तुमाला हाक मारली, "ए मामा! बहिरा हाय का?" तुमी म्हणालात, हो सर, आलो सर. त्यानं अजून दोन शब्द टाकले, ते मी लिहीत न्हाई. तुमी मान खाली घालून ऐकलेत आन मग म्हाताऱ्याची चादर परत नीट केलीत, ती आधीच नीट होती.

मी खांबाच्या आड झाले. पोरीला दडवता दडवता मलाच दडायची वेळ आली. मी पुढं आले असते तर तुमी परत माझ्याकडं वर बघून बोलला नसतात, म्हणून मी जिना उतरले.

आता एक ऱ्हायलेलं सांगते. महालक्ष्मीपुढं सगळे उठून गेल्यावर तुमी एकटेच बसला होतात. हात जोडून हळू बोललात, पर पडद्यामागं ऐकू गेलं. मला वाटलं होतं एमबीबीएसचा नंबर मागितला असंल. पोरीनं मला नंतर सांगितलं तुमी काय मागितलंत. "माझ्या लेकीला कुणी ए करून हाक मारू नये." तेवढं मागून तुमी उठलात. मागं ती वाकळ तोंडात धरून रडली. मी पुरणाचं सामान आवरत होते, मला काही समजलं न्हाई. आज त्या लिफ्टपाशी समजलं.

हे तुमी देवीला सांगितलं ते मला सांगितलं असतं, तर आपलं भांडणच झालं नसतं. मी तुमाला जवळ बसवलं असतं.

पर आता ऐका. मला तुमची कीव आली म्हणून मी माघार घेणार न्हाई. त्या पोरानं तुमाला ए केलं, ते त्याच्या घरचं शिकवणं कमी पडलं. आपली पोरगी एमबीबीएस झाल्यानं त्याची जीभ सुधारणार न्हाई. तुमच्या अपमानाचं लुगडं धुवायला मी माझी पोरगी देणार न्हाई. ती तिच्यासाठी शिकंल. आन तिनं साध्या गोळ्या दिल्या न्हाईतर मोठी ऑपरेशनं केली, तिच्या दवाखान्यात चादर नीट करणाऱ्या माणसाला ती अहो म्हणंल, एवढं मी लिहून देते. तिला ते शिकवायला नीट लागत न्हाई.

हा कागद मावशींच्या हाती देऊन संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी हितंच बसते. पिशवी धाडली तर घेऊन जाईन. न्हाई धाडली तर गावी जाऊन सगळ्या कागदांच्या दुसऱ्या प्रती काढीन. शाळा, कॉलेज, तहसील, पोलीस ठाणं, जिथं जायचं तिथं जाईन. त्या अर्जात कागदं कशी हरवली ते लिहावं लागतं म्हणं. मी लिहीन, बापानं हरवली.

भाकरी आणल्यात चार, तिळाची चटणी हाय. मावशींपाशी ठेवलीय. खावा.

सविता


चुडावा, ६ ऑक्टोबर

प्रियांकाच्या बाबास,

त्या दिवशी तुमी खाली आला न्हाईत. मी गाडी सुटायच्या बेतापर्यंत बसले, चहावाला तीनदा म्हणाला, ताई, कुणाची वाट बघायलाव. मी मोकळ्या हातानं परत आले आन खरंच अर्ज लिहायला घेतला. पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन आले. तिथल्या माणसानं कारण वाचलं आन माझ्याकडं बघितलं. म्हणाला, बाई, असं लिहीत न्हाईत. मी म्हटलं, मी लिहिते.

आन मग एकोणतीस तारखेला सकाळी भावजींचा फोन आला की दादानं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट धाडलंय, परभणीला थांब्यावर घ्या. भावजी आन प्रियांका मोटारसायकलवर तसेच गेले, मी ठेसनाकडं पळाले आन पॅसेंजर धरली. कॉलेजात ऑफिसाच्या बाईनं एकेक कागद उजेडाला धरून बघितला. झालं. प्रवेश झाला. उद्यापसून पोरगी रोज गाडीनं जाऊन येऊन करायचं म्हणायलीय.

कागदं एकबी चुरगळलेलं न्हवतं. प्रत्येकाला तुमी प्लास्टिकचं वेगळं कव्हर घातलेलं. पाकिटात चिठ्ठी न्हवती. मी दोनदा झटकून बघितलं. मग प्रियांकानं पाकीट उलटं केलं, तर मागच्या बाजूला पेन्सिलीनं तुमच्या अक्षरात लिहिलेलं. "साखरेच्या गोळीत औषध कुठं असतं? गुरुजी सांगतात म्हणून नको, पुस्तकात हाय म्हणून नको. स्वतः शोधून सांग."

पोरगी कॉलेजच्या पायरीवर बसली. भावजींना वाटलं कागद कमी पडलं काय. ती पाकीट छातीशी धरून हसायली, आन हसता हसता रडायली. म्हणाली, "आई, बाबांनी प्रश्न घातला." किती वर्षांनी घातलात तुमी. नीटच्या नादात तुमी प्रश्न घालायचं सोडूनच दिलं होतं, नुसते मार्क इचारायचात. ते पाकीट तिनं कव्हरात घातलंय, मार्कमेमोसारखं.

उत्तर तिच्याकडं आज न्हाई. वेळ लागंल म्हणाली, आन जे निघंल ते तोंडावर सांगीन म्हणाली. म्हणजे तुमाला घरी यावं लागंल.

आता तुमी म्हणाल, शपथ घेतलीय. गल्लीसमोर घेतलीय. माणसाचा शब्द हाय. मला ठावं हाय तुमी शब्द मोडणार न्हाईत, मोडला तर स्वतःलाच तोंड दाखवणार न्हाईत. त्याचाबी इंतजाम केलाय. काल सुताराला बोलावलं आन पुढच्या दाराचा उंबरा काढून घेतला.

सरजाबाई धावत आल्या, कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, अगं लक्ष्मी कशी ऱ्हाईल घरात, उंबरा कुणी काढत असतं का. सुतारबी घाबरला, पहिल्यांदा पटाशी लावंना. मी हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आन म्हटलं, बाबा, तू काढ, जे काही व्हायचं ते माझ्या नावावर. लाकूड निघालं तवा मागं पांढरी रेघ ऱ्हायली भुईवर. मी ती शेणानं सारवून घेतली. मग प्रियांकाला हाक मारली. मागच्या दारानं आलेली पोरगी पुढच्या दारानं भाईर गेली आन परत आत आली. कशाला पाय लागला न्हाई. तुमची शपथ शाबूत हाय.

गल्लीत बोभाटा झालाय. होऊ द्या.

उंबरा टाकून दिलेला न्हाई. पुसून, कपाळाला लावून वसरीत भितीला उभा करून ठेवलाय. सागवान चांगलं हाय, अजून शंभर वर्षं जाईल. घराला उंबरा पाहिजे, हे मलाबी कबूल हाय. पर बसवायचा असंल तर आधी आत या, मग तुमच्या हातानं बसवा.

नमस्कार.

सविता